घरी केलेल्या गाड्यांची चाके : कुठे मिळतात, कशी करावीत? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. फावल्या वेळात लाकडाच्या गाड्या करण्याचा मला नाद आहे. टप, खिडक्या, मागची शिडी, छतावरचे कॅरिअर यांत फारसे अडत नाही. घोडे पेंड खाते ते चाकांपाशी. सध्या जुन्या लाल एसटीची प्रतिकृती १:२४ या प्रमाणात हाती घेतली आहे. पुढची दोन आणि मागच्या जोडचाकांची चार, अशी सहा चाके हवीत आणि ती सहाही एकाच मापाची हवीत. नव्या पेठेतल्या दुकानांत विचारले, पण सुटी चाके कोणी ठेवत नाही. स्वस्तातली प्लास्टिकची मोटार घेऊन तिची चाके काढावीत म्हटले, तर ती चारच निघतात आणि त्यांवर शर्यतीच्या गाडीची रिम असते, जी एसटीखाली विनोदी दिसते. रोबोटच्या संचातली ६५ मिलिमीटरची पिवळी चाके सहज मिळतात, परंतु १:२४ च्या हिशेबाने ते चाक दीड मीटरहून उंच ठरते. घरात हातातले ड्रिल मशीन, करवत, कानस आणि पॉलिश पेपर एवढी सामग्री आहे. सोलापुरात कोणी चाके करून देते का, किंवा घरच्या घरी एकसारखी चाके करण्याची खात्रीची रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

कातारी

आधी माप पक्के करू. १०.००-२० या टायरमध्ये पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमचा, दोन्ही इंचांत. रिमच्या मापात रुंदीची दुप्पट मिळवली की बाहेरचा व्यास अंदाजे ४० इंच येतो. प्रत्यक्षात हा टायर थोडा जास्त, सुमारे १०५० मिमी भरतो. नव्या बसगाड्यांवर दिसणाऱ्या २९५/८० आर २२.५ या टायरमध्ये २९५ ही मिमीतली रुंदी, ८० ही त्या रुंदीच्या प्रमाणात उंचीची टक्केवारी आणि साडेबावीस इंचांची रिम, असा हिशेब केला की १०४४ मिमी येतात. म्हणजे बस जुनी असो वा नवी, चाक जवळपास एकाच उंचीचे असते, आणि तुमच्या प्रमाणाला ते ४४ मिमी हवे. इतरांच्या सोयीसाठी हेही नोंदवतो की रिक्षाचा ४.००-८ टायर चारशे मिमीच्या थोडा वर जातो आणि मारुती ८०० चा १४५/७० आर १२ हा सुमारे ५०८ मिमी असतो. हौशी गाड्यांची चाके बहुधा गरजेपेक्षा मोठी पडतात आणि मग गाडी कितीही नेटकी असली तरी ती व्यंगचित्रासारखी दिसते.

तुमच्याकडे ड्रिल आहे, तेव्हा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल भोक कापणारी करवत) घ्या. त्याच्यावर छापलेले माप भोकाचे असते. आतून निघणारी चकती त्याहून चार ते सहा मिमी लहान निघते. ५१ मिमीचा, म्हणजे दोन इंची, होल सॉ घेतला की साधारण ४६ मिमीची चकती हाती येते आणि घासून ती ४४ वर आणायला जागा राहते. मधले बिट दोन सुती (पाव इंची) असते. ते फळीच्या आरपार जाईपर्यंत एका बाजूने कापावे, मग फळी उलटी करून त्याच भोकातून दुसऱ्या बाजूने उरलेले कापावे. एकाच बाजूने रेटले तर खालच्या बाजूला लाकडाच्या चिरफळ्या उडतात आणि चकतीही कटरमध्ये अडकून बसते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिच्यावाचून चाक चाकासारखे दिसत नाही. मधल्या भोकातून सहा मिमीचा बोल्ट घालून दोन्ही बाजूंना वायसर आणि नट आवळावेत, बोल्टचे शेपूट ड्रिलच्या चकमध्ये धरावे, ड्रिल व्हाइसमध्ये पक्के बसवावे आणि सपाट पट्टीवर चिकटवलेला पॉलिश पेपर फिरत्या चकतीला हलकेच टेकवावा. आधी ८० नंबर, मग १५०, शेवटी २२०. सहा चकत्या एकाच बोल्टवर ओळीने चढवून एकदम घासल्या की सहाही आपोआप एका मापाच्या होतात. चष्मा घालावा, हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरते यंत्र कापड ओढून घेते.

आणखी एक गोष्ट. झाडूच्या दांड्याच्या किंवा गोल फांदीच्या चकत्या कापून चाके करण्याचा मोह टाळावा. वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढे आकसते, तेवढे केंद्राच्या दिशेने आकसत नाही. फरक जवळजवळ दुपटीचा असतो, म्हणून अशा चकतीला परिघापासून मध्यापर्यंत चीर पडते. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तर ती हमखास पडते. चाक नेहमी फळीतून कापावे. सागाची फळी उत्तम. बारा मिमी प्लायही चालते, फक्त कडेचे थर पुटीने बुजवून मगच रंग द्यावा.

पूर्वभागकर

कातारी दादांची रीत चोख आहे, परंतु मी तिच्या एक पायरी आधी थांबेन. प्रमाण आधी ठरवून त्याला चाक शोधत बसण्यापेक्षा, एकसारखी मिळणारी चाके आधी हाती घ्यावीत आणि त्यांच्यावरून गाडीचे प्रमाण काढावे. गाडीची फळी तुम्ही हवी तेवढी कापू शकता. एकसारखी सहा वर्तुळे हाताने काढणे हे त्यामानाने कितीतरी कठीण आहे.

उदाहरणार्थ कॅरमच्या सोंगट्या घ्या. नियमाप्रमाणे सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि जाडी ७ ते ९ मिमी असते. बसच्या १०५० मिमीच्या चाकाला ३१ ने भागले की प्रमाण जवळपास १:३४ येते. आता गंमत पाहा : खऱ्या टायरची रुंदी सुमारे २७५ मिमी असते, तिला ३४ ने भागले की आठ मिमी येतात, म्हणजे नेमकी सोंगटीची जाडी! पुढे एकेक आणि मागे दोन-दोन, अशा सहा सोंगट्यांत बस उभी राहते. काळ्या नऊ असतात, त्यामुळे टायरला रंग देण्याचेही काम उरत नाही आणि तीन सोंगट्या स्टेपनीसाठी व चुकल्यामाकल्यासाठी शिल्लक राहतात. एखादी सोंगटी हरवलेला संच प्रत्येक गल्लीत कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो.

मोठे चाक हवे असेल तर आमच्या पूर्व भागात अजून एक खाण आहे. बंद पडलेल्या यंत्रमागांचे भंगार निघते, त्यात जुनी लाकडी बॉबिने असतात. त्यांच्या दोन्ही टोकांच्या चकत्या लेथवर कातलेल्या असतात, मधोमध भोक आयतेच असते आणि वर्षानुवर्षे सूत घासून त्यांना जी झिलई आलेली असते ती कोणत्याही पॉलिशने येणार नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांसाठी मी त्याच वापरतो. भंगारवाल्याला सगळ्या एका मापाच्या निवडू देण्याची विनंती मात्र आधीच करावी, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची बॉबिने एकाच पोत्यात आलेली असतात.

जुळेसोलापूरकर

दोघांचेही आभार. सोंगट्यांचा हिशेब वाचून चकित झालो. तरीही मन १:२४ सोडायला तयार नाही. माझ्याकडच्या बाकीच्या गाड्या त्याच प्रमाणाच्या आहेत आणि १:३४ ची बस त्यांच्या शेजारी मिनीबस वाटेल. चाकासाठी अख्खी गाडी बदलायची, हे मला थोडे उलटे वाटते.

बार्शीलाइट

उलटे वाटते खरे, परंतु रेल्वेच्या प्रतिकृती करणारे लोक जगभर हेच करतात. मी आपल्या जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेचे डबे करतो. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढे ती मिरजेपासून लातूरपर्यंत पोहोचली. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी होते. आता या मापाची चाके तयार मिळणार कुठून? बाजारात सर्वांत सहज मिळणारी रेल्वेची चाके १६.५ मिमी रुळांची असतात. म्हणून मी ७६२ ला १६.५ ने भागले, उत्तर ४६ आले आणि माझे डबे १:४६ चे झाले. परदेशातले छंदी लोक अरुंद रुळांच्या गाड्यांसाठी त्याच चाकांवर १:४८ घेतात आणि त्यात रूळ ७९२ मिमीचे ठरतात, तरी त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

उलट ब्रॉडगेजवाल्यांची पंचाईत पाहा. आपले रूळ १६७६ मिमी रुंद. १:८७ या त्यांच्या नेहमीच्या प्रमाणाला ते १९.३ मिमी हवेत, परंतु तयार चाके तीच १६.५ ची. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक ब्रॉडगेज प्रतिकृतींच्या गाड्या रुळांच्या मानाने लठ्ठ दिसतात. प्रमाणाचा हट्ट आणि तयार चाकांची सोय या दोन्ही गोष्टी एकदम धरल्या की असे होते.

एक सूचना. रेल्वेचे चाक आसावर घट्ट असते आणि आस फिरतो. रस्त्यावरच्या गाडीत तसे करू नये, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि दोन्ही चाके एकत्र बांधलेली असली की एक चाक घसटत जाते. एसटीला आस स्थिर ठेवून चाके मोकळी फिरू द्यावीत.

शाळेतल्या_बाई

मी होटगी रस्त्याकडच्या एका शाळेत हस्तकला शिकवते. पाचवीच्या मुलांकडून खोक्यांच्या गाड्या करून घेते, त्यामुळे मला सहा नव्हे तर दीड-दोनशे चाके लागतात आणि तीही फुकटात. पाण्याच्या बाटल्यांची बुचे हा आमचा मुख्य आधार. व्यास साधारण तीस मिमी आणि सगळी सारखी. दोन बुचांची तोंडे एकमेकांना चिकटवली की जाड चाक होते. हवाई चपलेच्या तळव्यातून कंपासने आखून कापलेली चाके त्याहून छान पळतात, फरशीवर आवाजही करत नाहीत, परंतु मुलांच्या हाती ब्लेड द्यायला धजावत नाही.

आस म्हणून सायकलची तार वापरतो. तिची जाडी दोन मिमी असते आणि सायकलच्या दुकानात वाकलेल्या तारांचा ढीग पडलेलाच असतो. चाक बाहेर सरकू नये म्हणून तारेच्या टोकाला वालट्यूबचा छोटा तुकडा चढवतो. तो घट्ट बसतो आणि हवा तेव्हा काढताही येतो. अडचण एकच : बऱ्याच गाड्या चालताना लचकतात. मुले हिरमुसतात. याचे कारण नेमके कसे ओळखावे?

कातारी

बाई, लचकण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही डोळ्यांनी ओळखता येतात. गाडी एका ठिकाणी धरून चाक बोटाने फिरवावे आणि शेजारी पेन्सिलचे टोक स्थिर धरावे. चाकाची कड पेन्सिलजवळून वरखाली होत असेल तर भोक मध्यात नाही. कड आत-बाहेर होत असेल तर भोक मध्यात आहे पण तिरके पडले आहे. चाक सरळ फिरते आणि तरीही जमिनीवर गाडी डुलते, असे असेल तर तार वाकलेली आहे किंवा आस ज्या नळीतून जातो ती सैल आहे. सायकलवाले रिमची आऊट काढतात तेव्हा हेच करतात.

बुचांसाठी असे करावे. लाकडाच्या जाड ठोकळ्यात बूच जेमतेम बसेल असे गोल खाचण करून घ्यावे आणि त्या खाचणाच्या बरोबर मध्यात आरपार बारीक भोक पाडावे. खाचणात बूच बसवायचे, ठोकळा उलटा करायचा आणि मागच्या भोकातून तापवलेली सुई किंवा बिट घालायचे. प्रत्येक बुचाचे भोक त्याच जागी आणि काटकोनात पडते. सोंगट्यांचेही असेच. भोक तारेपेक्षा अर्धा मिमी मोठे ठेवावे. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा खोक्याला चिकटवून त्यातून तार घातली की पुठ्ठ्याचे भोक झिजून मोठे होत नाही.

मंगळवेढेकर

धागा वाचताना लहानपणीची कडब्याची बैलगाडी आठवली. मालदांडी ज्वारीचे वाळलेले धाट सोलायचे, आतला पांढरा मऊ गर एकीकडे आणि बाहेरची चिवट साल दुसरीकडे. गराचे तुकडे म्हणजे लाकूड आणि सालीच्या काड्या म्हणजे खिळे. चाकासाठी सालीची लांब पट्टी वाकवून तिचे वर्तुळ करायचे, टोके गराच्या तुकड्यात खुपसायची आणि मध्ये गराचा तुंबा (चाकाचा मधला गड्डा) ठेवून त्याला चारी बाजूंनी काड्या टोचायच्या. वजन नसल्यासारखे चाक, पण आऱ्यांचे खरेखुरे चाक.

सध्या मी खऱ्या बैलगाडीची लाकडी प्रतिकृती १:१२ ने करतो आहे. चाक चार ते पाच फूट उंच असते, म्हणून माझे साडेचार इंचांचे केले. सगळे जण वर्तुळ आधी कापून त्यात आरे बसवायला जातात. सुतार तसे करत नाही. तो तुंब्यात आरे ठोकतो, मग दोन-दोन आऱ्यांवर एकेक पुठ्ठा (परिघाचा लाकडी तुकडा) बसवत जातो आणि शेवटी लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओततो. धाव आकसली की सगळे सांधे आवळले जातात. म्हणजे गोंद नाही, खिळा नाही, सगळे चाक त्या एका पट्टीच्या ताणावर उभे. लहान चाकात मी धाव म्हणून पत्र्याच्या डब्याची पट्टी डाग देऊन जोडली आणि गॅसवर तापवून चढवली, तर आतले लाकूड कडेला काळपटले आणि तो रंग खऱ्या चाकासारखाच दिसतो. बाराही आरे एका लांबीचे कापण्यासाठी पट्टीला एक अडणी ठोकून ठेवावी, मोजून कापू नयेत.

ज्यांना आऱ्यांचा व्याप नको, त्यांनी भरीव चाक केले तरी कमीपणा मानू नये. १९७४ साली नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला सापडलेल्या ब्राँझच्या रथाची चाकेही भरीवच आहेत.

छापखाना_थ्रीडी

आजकाल चाक छापून घेणे हाही पर्याय आहे, म्हणून एक इशारा देऊन ठेवतो. नेहमीचे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत तेवढी उष्णता सहज होते आणि गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर बसते. चाके खालून चपटी होतात. प्रदर्शनाला न्यायची असेल तर पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक वापरावे.

माझ्या मते सगळी चाके छापण्यापेक्षा एकच चाक उत्तम करावे, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घ्यावा आणि बाकीची रेझिनमध्ये ओतावीत. चाकाची मागची बाजू सपाट ठेवली तर एका भागाचा उघडा साचाही पुरतो. रेझिन बारीक धारेने, साच्याच्या एकाच कोपऱ्यातून ओतले की बुडबुडे कमी राहतात. हा मार्ग कातारी दादांच्या सागाच्या चाकालाही लागू पडतो, फक्त लाकडाला आधी सीलर द्यावे, नाहीतर रबर रेषांमध्ये घुसते आणि साचा सुटत नाही.

होममैदान

या सगळ्यातून मला धंद्याचा प्रश्न सुचतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत अशा लाकडी गाड्या मांडल्या तर चालतील का?

शाळेतल्या_बाई

मांडण्यापूर्वी नियम वाचावेत. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना सूट आहे, तेव्हा आधी ती नोंदणी करून घ्यावी. नियम बाजूला ठेवला तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या गाडीला सोंगटीएवढे सुटे चाक लावू नये. चाचणीच्या नळकांड्याचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो; त्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, असे मानतात. बाटलीचे बूच आणि सोंगटी दोन्ही त्यात मावतात. आमची मुले दहा-अकरा वर्षांची आहेत म्हणून चालते.

कातारी

रंगाबाबतही जपावे. चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडावर लेथ फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवतात; घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पातीने घासून तिला चमक आणतात. लहान मुलांच्या चाकांसाठी त्यापेक्षा चांगले लेपन मला ठाऊक नाही. जमत नसेल तर लाकूड तसेच ठेवून तेल पाजावे.

जुळेसोलापूरकर

बार्शीलाइट यांच्या भागाकाराने माझा हट्ट मोडला, मात्र अर्धाच. कॅरमचा स्ट्रायकर नियमाने जास्तीत जास्त ४१.३ मिमीचा असतो. १०५० ला त्याने भागले तर १:२५ येते आणि माझ्या इतर गाड्यांशेजारी तो फरक डोळ्यांना कळणारही नाही. टप अजून कापलेला नाही, त्यामुळे बस दोन सेंटिमीटरने आखूड करून घेतो. आता दोन शंका राहिल्या. स्ट्रायकर गुळगुळीत असतो, त्यावर रबर कसे बसवावे? आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या रिम वेगळ्या दिसतात, ते कसे साधावे?

पूर्वभागकर

रबरासाठी सायकलची टाकाऊ ट्यूब घ्या. चपटी धरून तिची रुंदी मोजा. ती पंचावन्न मिमी भरली तर घेर एकशे दहा आणि मोकळा व्यास सुमारे पस्तीस मिमी होतो. तिच्यातून कात्रीने चाकाच्या जाडीएवढी कडी कापली आणि ४१ मिमीच्या स्ट्रायकरवर ताणून चढवली की ती गोंदाशिवाय बसते. रबराने व्यास दोन-अडीच मिमी वाढतो, म्हणजे चाक ४३-४४ वर जाते आणि तुमचे १:२४ परत तुमच्या हाती येते; टप आखूड करू नका. जुने, कडा उडालेले स्ट्रायकर घेतले तरी चालतील, कारण कड रबराखाली झाकली जाते. फक्त सहाही एकाच जाडीचे निवडा.

रिमचे गुपित असे की बसच्या सगळ्या रिम एकच असतात. पुढे ती फुगीर बाजू बाहेर करून लावतात आणि मागच्या जोडीतले बाहेरचे चाक उलटे लावतात, म्हणून ते खोल दिसते. पुढच्या चाकावर टिच बटणाचा उंचवट्याचा भाग चिकटवा आणि मागच्यावर त्याच बटणाचा खळगीचा भाग. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांमुळे आपल्याकडे ही बटणे सगळ्या मापांत आणि मूठभर किमतीत मिळतात. मागच्या दोन चाकांमध्ये दोन मिमीचा वायसर ठेवायला विसरू नका. ती फट दिसली नाही तर जोडचाक एकच जाड चाक वाटते.